चौथा भाग, दोन अक्षरे

‘चौथा भाग’, घरे दोन. रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे सोडवायला बसलेला माणूस इथे सहसा थांबत नाही. ‘पाव’ लिहून पुढच्या शब्दाकडे वळतो. बऱ्याचदा ते बरोबरही निघते. पण कोडे घालणारा जरा बेरकी असला, तर त्याच दोन घरांत ‘पाद’ बसतो, कारण श्लोकाचे चार पाद असतात. किंवा ‘चौथ’ बसते, कारण मराठे मुलुखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा मागत. घरे तीन असली तर चरण, पावली, चिपटे आणि चौथाई असे चार उमेदवार एकदम दारात उभे राहतात. चार असली तर चतकोर आणि चतुर्थांश. गणिताच्या दृष्टीने या सगळ्यांत काडीचाही फरक नाही, आणि कोड्यात मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

भाग विचारणारा संकेत असा असतो. त्यात एक आकडा दिसतो आणि एक अख्खी वस्तू लपलेली असते. नवशिक्या आकड्याला धरतो, मुरलेला त्या अख्ख्याला शोधतो. ‘चौथा’ हे कळून काही होत नाही. चौथा कशाचा, हे कळले की निम्मे काम झाले. म्हणून नुसता ‘चौथा भाग’ हा संकेत मी आळशी मानतो. ‘भाकरीचा चौथा भाग’, ‘रुपयाचा चौथा भाग’, ‘शेराचा चौथा भाग’ असे लिहायला कोडेकाराला एकच शब्द जास्त लागतो, आणि सोडवणाऱ्याला न्याय मिळतो.

मराठीत सोळाव्या भागाभोवती जेवढी गर्दी आहे, तेवढी दुसऱ्या कुठल्या अपूर्णांकाभोवती क्वचितच असेल. रुपयाचा सोळावा भाग आणा. चंद्राचा सोळावा भाग कला. शेराचा सोळावा भाग वजनात छटाक आणि धान्याच्या मापात नेळवे. जमिनीच्या गुंठ्याचा सोळावा भाग पुन्हा आणाच. संकेत ‘सोळावा भाग’ एवढाच असेल आणि घरे दोन असतील, तर आणा लिहायचा की कला? पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द ‘क’ने सुरू होत असेल तर प्रश्न मिटला. तोही सुटलेला नसेल, तर संकेताची भाषा ऐकायची. ‘हिस्सा’ हा बाजारातला शब्द आहे, ‘अंश’ हा पोथीतला. कोडेकार ‘सोळावा हिस्सा’ म्हणाला तर मी आणा लिहीन, ‘षोडशांश’ म्हणाला तर कला. कोडेकार लबाड असतात खरे, पण शब्दांच्या निवडीत नकळत प्रामाणिक राहतात.

सोळाच का, दहा का नाहीत? तराजू हातात धरला की समजते. वजने नसली तरी दांडीच्या तराजूने कुठल्याही ढिगाचे दोन सारखे भाग करता येतात: दोन्ही पारड्यांत टाकत राहायचे, दांडी आडवी झाली की अर्धे झाले. त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे केले की पाव. तिसऱ्यांदा अदपाव, चौथ्यांदा सोळावा भाग. याच रीतीने दहावा भाग पाडायचा प्रयत्न करून पाहा.

धान्याच्या मापांत ही निमपट पायरीपायरीने चढत जाते. दोन नेळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी आणि दोन अडशिऱ्या म्हणजे पायली. पायलीच्या वर ही शिस्त मोडते. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा पायल्यांचा, आणि वीस मणांची खंडी. त्यामुळे ‘मणाचा सोळावा भाग’ हा संकेत एका भागात बरोबर आणि दुसऱ्या भागात चूक. शहाणा कोडेकार पायलीच्या वर चढत नाही. खाली मात्र त्याला चंगळ आहे, कारण नेळवे, कोळवे, चिपटे, मापटे हे चारही शब्द तीन-तीन घरांचे आहेत आणि चौघांच्याही शेवटी एकारान्त अक्षर आहे. ‘धान्याचे माप (३)’ एवढ्यावर यांतले एकही ठरत नाही. ‘शेराचे निम्मे’ म्हटले की मापटे, ‘चिपट्याचे निम्मे’ म्हटले की कोळवे.

तराजूवरचा पक्का शेर निराळा. त्याचे चार पावशेर, आठ नवटाक, सोळा छटाक आणि ७२ टाक. चाळीस शेरांचा मण. ‘नवटाक’ हा शब्द धान्याच्या दुकानातून गेला आणि गुत्त्यावर टिकला, त्यामुळे ‘शेराचा आठवा भाग (४)’ या संकेताचे उत्तर सभ्य घरांतूनही पटकन येते. सोनाराकडे गेलात तर तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. मासा हा कोडेकाराचा लाडका शब्द, कारण त्याला दोन अर्थ आहेत: ‘तोळ्याचा बारावा भाग पाण्यात पोहतो (२)’. असाच दुसरा लाडका शब्द म्हणजे खुद्द पाव, जो बेकरीतही मिळतो.

पैशांच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते जुन्या रुपयाचे हिशेब. सोळा आणे, चौसष्ट पैसे, १९२ पै. आण्याच्या बारा पै, पण ‘पै’ एकाच घराचा शब्द असल्याने कोड्यात एकटी कधी येत नाही. तिला ‘पैपैसा’ किंवा ‘पैपाहुणा’ अशी सोबत लागते. नाण्यांची नावे मात्र अगदी सोयीची: चवली, पावली, अधेली. तिन्ही तीन घरांची. इथे एक खरा खड्डा आहे. चवली हे नाव कानाला चाराशी जुळल्यासारखे वाटते, आणि पुष्कळ लोक चवली म्हणजे चार आणे समजून बसतात. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची आणि अधेली आठ आण्यांची. शिवाय चवली आणि पावली यांची मधली आणि शेवटची अक्षरे एकच आहेत. कोड्यात ‘व’ आणि ‘ली’ सापडले तरी काहीच ठरत नाही. पहिले घर मिळेपर्यंत किंवा संकेतातला आकडा नीट वाचेपर्यंत पेन्सिलच बरी.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणे हिशेबातून गेले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणीही चलनातून बाद झाली. कोड्यांत मात्र आणा जिवंत आहे, आणि तो केवळ कोडेकारांच्या आठवणींवर जगलेला नाही. ‘सोळा आणे खरे’ आपण आजही म्हणतो. पिकाचा अंदाज बांधायची सरकारी रीत पूर्वी आणेवारी म्हणून ओळखली जाई, आता ती पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की गावात दुष्काळी सवलतींची बोलणी सुरू होतात. तिथेही पन्नास पैसे म्हणजे नाणे नव्हे, अख्ख्या पिकाचा निम्मा भाग.

अपूर्णांकांत कारभार चालवण्याचा कळस मात्र मराठ्यांच्या चौथाईत दिसतो. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. वसुलाचा चौथा हिस्सा चौथाई, दहावा हिस्सा सरदेशमुखी. मग त्या चौथाईचीही वाटणी: शेकडा २५ राजाची बाबती, ६ साहोत्रा, ३ नाडगौडा आणि उरलेले ६६ मोकासा. साहोत्रा पंत सचिवांकडे जाई आणि मोकाशातून सरदारांच्या फौजा पोसल्या जात. शाळेत ही यादी पाठ करताना कंटाळा येतो. कोड्यात तिचे सोने होते. ‘चौथाईचा चौथा भाग (३)’ असा संकेत आला की पावाचा पाव म्हणून कोणी छटाक लिहील, कारण पावशेराचा पाव छटाकच असतो आणि घरेही तीनच. उत्तर ‘बाबती’. गणित दोन्हीकडे बरोबर, अख्खे मात्र चुकले.

काळाचे तुकडे पाडणारे शब्द थोडे आहेत, पण कोड्यांत वारंवार भेटतात. दिवसाचा आठवा भाग प्रहर, तिसावा मुहूर्त, साठावा घटका. तिन्ही तीन घरांचे, म्हणून संकेतात आकडा हवाच. घटकेची साठ पळे. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे औटघटकेचे राज्य हिशेबाने एक तास चोवीस मिनिटे चालते. औट म्हणजे साडेतीन. वर्षाचे अर्धे अयन, सहावा भाग ऋतू. ज्योतिषात शिरलात तर २७ नक्षत्रे बारा राशींत वाटताना प्रत्येकीच्या वाट्याला सव्वादोन येतात, आणि शनी एका राशीत अडीच वर्षे धरून तीन राशींत साडेसाती पुरी करतो. ‘तीन अडीच (४)’ या संकेताने चांगले चांगले गणिती अडखळतात.

आता दुसऱ्या जातीचे भाग, ज्यांत आकडाच नसतो. ‘नारळाचा भाग’ म्हणजे काय? इथे मराठीचे व्याकरण सोडवणाऱ्याच्या मदतीला येते, आणि इंग्रजी कोडी सोडवणाऱ्याच्या नशिबी हे सुख नाही. संकेतात ‘भाग’ हा शब्द न वापरता नुसती षष्ठी ठेवली, की प्रत्यय उत्तराचे लिंग सांगून टाकतो. ‘नारळाचा ____ (२)’ असेल तर काथ्या. ‘नारळाची ____ (२)’ असेल तर शेंडी, आणि घरे चार असली तर करवंटी. ‘नारळाचे ____ (३)’ असेल तर खोबरे. फणसाचा गरा, फणसाची आठळी. साडीचा पदर, साडीची निरी. म्हणूनच जुने कोडेकार ‘भाग’ हा पुल्लिंगी शब्द मुद्दाम मध्ये घालतात. ‘नारळाचा भाग’ म्हटले की शेंडी, काथ्या आणि खोबरे तिघेही एका पांघरुणाखाली लपतात. ‘भाग’ऐवजी ‘तुकडा’ असेल तर ती वस्तू कापलेली, फोडलेली किंवा मोडलेली आहे, हेही कळते. शेंडी हा नारळाचा भाग आहे, तुकडा नाही. कवठाचा तुकडा, भाकरीचा तुकडा; पण नांगराचा तुकडा म्हटले तर मोडका नांगर डोळ्यांपुढे येईल, फाळ नव्हे.

अवजारांचे भाग हा शहरी सोडवणाऱ्याचा कच्चा दुवा. बैलगाडीच्या चाकाचा मधला गोळा तुंबा, त्यातून निघणारे आरे, आरपार जाणारा आख आणि बाहेरून चढवलेली लोखंडी पट्टी ती धाव. यांतली धाव पुन्हा दुहेरी: ‘चाकाला लागते, क्रिकेटलाही (२)’. केळ्यांच्या घडाचा भाग फणी, तीही केसांतून फिरते. ज्यांनी बैलगाडी फक्त चित्रात पाहिली, त्यांना हे शब्द कोड्यातूनच भेटतात, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. शब्द कुठे का भेटेना.

ग्रंथांचे भाग मात्र सगळ्यांना येतात असे वाटते आणि येत नाहीत. रामायणाची कांडे सात, महाभारताची पर्वे अठरा, भागवताचे स्कंध बारा, ऋग्वेदाची मंडले दहा, राजतरंगिणीचे तरंग आठ. महाकाव्याचे सर्ग, नाटकाचे अंक. एका ग्रंथाचा शब्द दुसऱ्याला लावला की कोडे बिघडते. दासबोधात तर भागाचाही भाग आहे आणि हिशेब अगदी नेटका: वीस दशक, प्रत्येकात दहा समास. म्हणून ‘दासबोधाचा विसावा भाग (३)’ म्हणजे दशक, आणि ‘दासबोधाचा दोनशेवा भाग (३)’ म्हणजे समास. दोन्ही तीन अक्षरी. इथे ‘विसावा’ हा क्रमांकही असू शकतो आणि अपूर्णांकही, हे विसरू नका. क्रमांक मानला तर उत्तर एकदम निराळे होईल. मराठीत दोन्हींसाठी एकच रूप आहे आणि कोडेकार त्याचा पुरेपूर फायदा घेतो.

एक कोपरा सोडवून पाहू. आडवा १: ‘भाकरीचा तुकडा (४)’. उभा १, पहिल्याच घरातून खाली: ‘अर्ध्याचा पाढा (३)’. उभा २, आडव्याच्या तिसऱ्या घरातून खाली: ‘चिपट्याचे निम्मे (३)’.

‘भाकरीचा तुकडा’ वाचताच हात ‘चतकोर’ लिहायला धावतो. आपण आधी उभा २ घेऊ, कारण त्यात अख्खी वस्तू उघड सांगितली आहे. चिपट्याचे निम्मे म्हणजे कोळवे. तिसऱ्या घरात ‘को’ आला आणि चतकोरावरचा विश्वास वाढला: च, त, को, र. बरोबर वाटते आहे. तरी शाईचे पेन उचलू नका, कारण भाकरीला आणखी एक तुकडा आहे: चतकोराचा अर्धा, म्हणजे भाकरीचा आठवा भाग, नितकोर. नि, त, को, र. चारांपैकी तीन अक्षरे तीच आणि त्याच घरांत. सगळा निकाल पहिल्या घरावर, म्हणजे उभ्या १ वर. अर्ध्याचा पाढा कोणता? पूर्वी पोरांकडून तीस पाढ्यांच्या जोडीला अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अर्ध्याची ती निमकी. पहिल्या घरात ‘नि’ पडला आणि चतकोर गेला. याच कोड्यात उभा १ ‘दोन आण्यांचे नाणे’ असता तर चवली आली असती, आणि पहिल्या घरात ‘च’ पडून भाकरीचा तुकडा दुप्पट झाला असता.

आकड्यांच्या शब्दांचीही एक गंमत इथेच सांगतो. सव्वा दोन घरांत मावतो आणि पाऊण तीन घरे खातो. सव्वाशे म्हणजे १२५, पाऊणशे म्हणजे ७५, पावणेदोनशे म्हणजे १७५. अपूर्णांक इथे शंभराचा लागतो, एकाचा नाही. ‘पंचाहत्तर (४)’ या संकेताचे उत्तर नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला लगेच येते. देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’त म्हाताऱ्या नवरदेवाचे थट्टेने सांगितलेले वय तेच आहे.

इथवर आपण वस्तूंचे भाग केले. आता शब्दाचेच भाग करू. ही कला इंग्रजीतली. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात पहिले शब्दकोडे छापले, तेव्हा त्यातले संकेत सरळ अर्थाचेच होते. पुढे इंग्लंडमध्ये संकेताला चकव्याचे वळण लागले. ‘टॉर्केमाडा’ या नावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये अशी कोडी घातली, त्यांच्यामागून आलेले ‘झिमेनिस’ म्हणजे डेरिक मॅकनट यांनी १९६६ साली या खेळाचे नियम सांगणारे पुस्तकच लिहिले. दोघांचीही टोपणनावे स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखांची, यावरून सोडवणाऱ्यांविषयी त्यांना किती माया होती ते समजावे. या रीतीत संकेताच्या एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच शब्दाची तोडमोड. ‘हाफ’ दिसला की शब्द मधोमध कापायचा, ‘मोस्टली’ दिसला की शेपूट तोडायचे.

मराठीत हे करताना एक फरक पडतो. इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर; आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, जोडाक्षर सगळे मिळून एक घर. ‘चतुर्थांश’मधला ‘र्थां’ कितीही लेकुरवाळा असला तरी त्याला घर एकच. म्हणून ‘अर्धा’ म्हणजे घरांचा अर्धा. पाऊस हा शब्द निम्मा करता येत नाही, त्याला तीन घरे आहेत. पावसाळा करता येतो.

‘निम्मा पावसाळा म्हणजे चौथा हिस्सा (२)’.

हा संकेत मी कोणाला घातला तर तो आधी बोटे मोजेल. जून ते सप्टेंबर चार महिने, निम्मे दोन, दोन महिने म्हणजे ऋतू. ‘ऋतू’ला घरेही दोनच! पण ऋतू वर्षाचा सहावा हिस्सा, चौथा नव्हे. तेवढ्यावर त्याने थांबावे आणि पावसाळ्याकडे आभाळातून न पाहता कागदावरून पाहावे. पा, व, सा, ळा. निम्मा पावसाळा पाव, आणि पाव म्हणजे चौथा हिस्सा. या संकेतात एकही शब्द वाया गेलेला नाही आणि एकही खोटा नाही. कोडेकाराने चकवावे, फसवू नये, हा या खेळाचा सज्जनपणा.

मराठीतली कितीतरी चार अक्षरी नावे अशी मधोमध चिरली की आत जुने माप निघते. ‘अर्ध्या आणाभाका, रुपयाचा हिस्सा (२)’: आणा. ‘अर्धा कलाकार, चंद्राचा षोडशांश (२)’: कला. ‘अर्धी पळवाट, घटकेचा साठावा भाग (२)’: पळ. ‘अर्धे पादत्राण, श्लोकाचा चतुर्थांश (२)’: पाद. तीन अक्षरी शब्दाचे तृतीयांश पाडता येतात: ‘वादळाचे दोन तृतीयांश म्हणजे तंटा (२)’, उत्तर वाद. आणि पाऊण पाडायचे असतील तर चार घरांतले तीन घ्यायचे. ‘पाऊण नवरात्र, अर्धे जोडपे (३)’. इथे सोडवणारा नऊ रात्रींचे पाऊण करायला बसतो, पावणेसात रात्री येतात आणि तो हताश होतो. न, व, रा, त्र यांतली पहिली तीन घ्या. नवरा म्हणजे जोडप्याचा अर्धा भाग.

अशा संकेतात कोडेकाराने कुठला अर्धा, पहिला की दुसरा, हे सांगायला हवे का? माझ्या मते नको, पण मग दोन्ही अर्धे अर्थपूर्ण असलेला शब्द त्याने टाळावा किंवा सरळ अर्थाचे टोक पक्के ठेवावे. ‘सरकार’चे दोन अर्धे ‘सर’ आणि ‘कार’. ‘निम्मे सरकार (२)’ एवढेच लिहून सोडून देणारा कोडेकार माझ्या यादीतून बाद.

साडेतीन हा आकडा मराठी कोड्यांत इतका येतो की त्याच्यासाठी वेगळी सोय करून ठेवावी. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, साडेतीन शहाणे. तीन पुरे कोणते हे फार कोणी विचारत नाही. कोडेकाराला रस असतो तो अर्ध्यात. शहाण्यांत सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर पुरे, नाना फडणवीस अर्धे. शक्तिपीठांत कोल्हापूर, तुळजापूर, माहूर पुरी, वणी अर्धे. मुहूर्तांत साधारणपणे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा पुरे, बलिप्रतिपदा अर्धी. ‘साडेतीनांतला अर्धा (२)’ आणि ‘साडेतीनांतले अर्धे (२)’ हे दोन निराळे संकेत आहेत. पहिल्यात शहाणा आहे, म्हणून नाना. दुसऱ्यात पीठ आहे, म्हणून वणी. नारळाच्या शेंडीवर जे शिकलो तेच इथे कामी येते.

आता तीन संकेत सोडवायला. लागणारा सगळा माल वर येऊन गेला आहे, आणि तिन्ही ठिकाणी घरे दोनच आहेत. तिसरा संकेत दोनदा वाचा: त्यात एकच शब्द दोनदा आला आहे, एकदा कागदावरचा आणि एकदा तराजूवरचा.

निम्मी शेरवानी चाळीसदा पारड्यात टाकली की मण भरतो (२).

अर्धी रासलीला, सव्वादोन नक्षत्रांची (२).

नवटाकाचा निम्मा, आणि नवटाकाचाच नववा भाग (२).